लव्हाळ्यांचं खत

सन्माननीय अध्यक्ष सचिवसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आराखडा कक्षाचे अधिकारी-कर्मचारी, धक्क्यावरून आलेली माझी माणसं, आणि जिच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ती आमची बाटलीताई,

आधी एक छोटा हिशेब मांडतो. या सभागृहाला खाडीच्या बाजूनं मोठमोठ्या खिडक्या आहेत. बांधणाऱ्यानं हौसेनं ठेवल्या, वारा यावा म्हणून. आज त्या बंद आहेत. फटींना चिकटपट्ट्या लावल्यात, थंड हवेची यंत्रं भाड्यानं आणलीत, त्यांच्यासाठी बाहेर जनरेटर धडधडतोय, आणि कोपऱ्याकोपऱ्यात अत्तराचे फवारे. फुकटचा वारा आत येऊ नये म्हणून एवढा खर्च. जनरेटर माझाच आहे, त्यामुळे माझी तक्रार नाही.

मघाशी सचिवसाहेब म्हणाले, खाडीवरचा पोषक भार चाळीस टक्क्यांनी घटला, आणि पुरावा हवा असेल तर आजच्या जेवणात आपल्या खाडीची ताजी कालवं आहेत, चाखून बघा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पाहुण्यानं वाजवायच्या असतात.

पोषक भार हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हटलं, पोषक म्हणजे चांगलंच की. बाटलीताई हसली. हिचं खरं काम पाण्याचे नमुने तपासायचं. पण प्रयोगशाळेत बसून नमुन्यांची वाट बघण्याऐवजी ही स्वतः बाटल्या घेऊन होडीत चढायची, म्हणून धक्क्यानं हे नाव ठेवलं. म्हणाली, "दादा, खाडीला अजीर्ण झालंय. शेतातलं खत आणि शहराचं मैलापाणी, दोन्हींतलं नत्र हिच्या पोटात. त्यावर शेवाळ माजतं, मरतं, सडतं, आणि सडताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. तळाशी बसलेल्यांनी मग श्वास कशाचा घ्यायचा?"

तळाशी बसलेली म्हणजे कालवं. माझ्या थोरल्या बहिणीच्या वाफ्यांतली. तिच्याच टोपल्यांपुढे बसून, सुरीनं कालवं फोडत मी मोठा झालो. पुढे बर्फाचा कारखाना काढला तो तिच्या जिवावर. ती मागच्या रांगेत बसली आहे. निघताना मला म्हणाली, "धाकट्या, आज गोड बोलू नकोस. तुझ्या गोड बोलण्यावर तुझा बर्फ खपला, माझी खाडी गेली."

तर गोड बोलत नाही.

राज्यानं आराखडा केला. चांगला केला, हे मी आजही म्हणतो. त्यात दोन कामं मोठी. मैलापाणी केंद्रात नत्र काढणारी तिसरी टाकी, आणि मोठ्या नाल्याच्या तोंडाशी लव्हाळ्यांची लागवड. लव्हाळी नत्र शोषून घेतात म्हणून. टाकी महाग, आणि जमिनीखाली. लव्हाळी स्वस्त, आणि फोटोत दिसतात. दोन्हींतलं आधी कुठलं झालं, हे सांगायला हवं का? लव्हाळी लावली त्याच दिवशी, ती किती नत्र शोषतील तेवढा भार कागदावर वजा झाला. रोपं अजून गुडघ्याएवढीसुद्धा नव्हती.

मग मंत्रिमहोदयांची पाहणी ठरली, आणि लव्हाळी पिवळी पडली. वरून फोन आला, हिरवी दिसली पाहिजेत. सरकारी बागेच्या माळ्याला पाठवलं. माळी बिचारा, त्याला रोप पिवळं दिसलं की एकच औषध ठाऊक. त्यानं खताच्या गोणी आणल्या आणि ओतल्या. नत्र शोषायला लावलेल्या झाडांना नत्राचं खत, तेही खाडीच्या तोंडात! लव्हाळी अशी तरारली की मंत्रिमहोदयांनी त्यांच्यात उभं राहून फोटो काढला.

बाटलीताईनं लागवडीच्या अलीकडचं पाणी तपासलं, पलीकडचंही तपासलं. पलीकडे, म्हणजे खाडीच्या बाजूला, नत्र जास्त. तिनं ते अहवालात लिहिलं. तो अहवाल ज्या बैठकीत आला, तिथे मी मच्छीमार संघातर्फे हजर होतो. बर्फवाल्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण माझे कान शाबूत आहेत. आराखड्याचे सल्लागारसाहेब तिला समजावत होते, "मॅडम, ते खत बागखात्याच्या हिशेबात, त्यांच्या शीर्षाखाली खर्ची पडलंय. आपल्या आराखड्यात ते धरताच येत नाही."

ती म्हणाली, "साहेब, खाडीला शीर्ष कळत नाही."

मला हसू आलं होतं, पण राग आधी आला. तो अजून गेलेला नाही.

आठवड्याभरात तिच्या बढतीचा आदेश निघाला. डोंगरापलीकडच्या कार्यालयात, जिथे तपासायला विहीरसुद्धा नाही. याला आपण गौरव म्हणतो. उद्या तिच्या खुर्चीत नवे अधिकारी बसतील, समोर चाळीस टक्क्यांचा कागद येईल. त्यावर सही झाली की उद्दिष्ट पूर्ण. उद्दिष्ट पूर्ण म्हणजे तिसऱ्या टाकीची गरज नाही. आणि टाकी नाही म्हणजे माझ्या बहिणीचे वाफे कायमचे गेले. ज्या घरांची चूल त्या तळावर पेटते, त्यांना काय सांगायचं? की लव्हाळी मात्र छान आलीत?

नवे साहेब पहिल्या रांगेत आहेत. आपण तरुण आहात, मी हात जोडतो. सही करण्यापूर्वी एकदा होडीत बसा. होडी माझी, डिझेल माझं. नाक मात्र आपलं आणा.

बाटलीताई, तुला द्यायला आम्ही घड्याळ-बिड्याळ आणलेलं नाही. तू पाण्याशी खोटं बोलली नाहीस, हे धक्क्यावरचं पोरसोर जाणतं. तेवढंच आमच्याजवळ आहे.

अध्यक्षमहोदय, मला बोलू दिलंत, मनापासून आभारी आहे. अडाणी माणूस, जीभ घसरली असेल, आवाज चढला असेल, तर पोटात घालावं. आणखी एका गोष्टीची माफी आत्ताच मागून ठेवतो, कारण जेवणाची वेळ झाली आहे. आजची कालवं पुरवायचं काम माझ्याकडे होतं. कुठली आणायची, ते कुणी सांगितलं नव्हतं. ती दुसऱ्या किनाऱ्यावरून माझ्या बर्फाच्या गाडीतून आली आहेत. आपल्या खाडीत या हंगामात जिवंत कालव निघालेलं नाही.