लाल मोटारीची टाकी

— सर्टिफिकेट? नाई बावा, सर्टिफिकेट नाई माह्याजवळ. वीस वर्सं कापसाच्या जिनातलं इंजन सांभाळलं, त्यायनं कागद देल्ला नाई न म्या मागतला नाई. तुमाले शिकेल मेकॅनिकच पाह्यजे असन, वकीलसाहेब, तं अकोल्याले जा — काय म्हन्ता, अकोल्याहूनच येऊन राह्यले? मंग झालं तं. बसा. त्या डब्यावर नोका बसू, तो गळते, पाटलोन खराब होईन. खाटेवर बसा. मोटार मातर झकास हाये हो. लाल. न बसाले दोनच जागा. उद्या बायकोले घेऊन निंगाले तं सासूले कुठी बसवान? — लगन नाई झालं अजून? तरीच.

आता सांगा. तीन-चार मैल पयते न बंद पडते. हाव. मंग तुमी उतरता, अर्धी बिडी — बरं, सिगारेट — ओढता, हँडल मारता, का पुन्हा चालू. सोताहूनच. अकोल्यापासून नांदुऱ्यालोक कितीकदा उतरले? चौदा? बरं झालं, रस्त्यातल्या साऱ्या लिंबाच्या झाडायची वळख झाली. हे टाकीचं झाकन नवं दिसते — पह्यलं कुठी पाडलं? धामणगाव बढ्याच्या रस्त्यानं, शिकारीले गेल्ते तवा? न मंग टाकी उघडीच? — नाई, गाववाल्यानं कापसाचा बोळा कोंबून देल्ला. पाहा आता. दुसऱ्या मुलखातल्या मानसानं बूच शोधलं असतं. आपल्या वऱ्हाडात भोक दिसलं का मानूस कापूस कोंबते. खिडकीले फट असो का कान दुखो, कापूसच. न मंग तो बोळा गेला कुठी? पडला असन कुठीतरी म्हन्ता. कुठीतरी नाई साहेब, आतच पडला. मोटार पयाले लागली का पेट्रोलसंग वढल्या जाते न नळीच्या तोंडावर जाऊन बसते. इंजन थांबलं का सुटते. म्हनून जो नळी पाह्यते, त्याले नळी साफच दिसते.

अकोल्याले कोनाले दाखवली? — मोठ्या कारखान्यात, बरं, पाटी इंग्रजीत हाये तिथं. परीक्षा पास मिस्त्री. हबीब. उंच हाये? डाव्या हातावर कथील सांडल्याचा डाग हाये? — असंच इचारलं. त्यानंच सांगतलं, जब्बार मिस्त्रीले दाखवा, त्यालेच समजन? अजून काई नाई म्हनला? माह्या नावापुढं काई — नाई. वळखतो म्हंजे काय साहेब, पोरगं होय ते माह्यं.

दोन वर्सं झाले. परीक्षा पास झाला, तसाच गाडीत बसून आला, कागद दाखवाले, छातीशी धरून आनलेला. मी इंजनाखाली होतो. बाहेर निंगालो, कागद घेतला न त्या कागदालेच हात पुसले. तेलाचे हात. गमतीनं हो. मी साऱ्यायची गम्मत करतो, तुमाले नाई आतालोक करून राह्यलो? त्याले नाई वाटली गम्मत. त्यानं कागद घडी केला न आल्या पावली गेला. तवापासून ईदीले बी नाई आला. अख्तरी — घरवाली माह्यी — शीरखुर्म्याचा त्याचा वाटा झाकून ठेवते, दुसऱ्या रोजी मलेच खा लागते. मी नाई जात अकोल्याले. काऊन जाऊ? बाप मी होय का तो? — टेसनावर जातो. रोज, अकोल्याची गाडी येते तवा. इंजन पाहाले जातो. त्या गाडीचं इंजन चांगलं रायते. हबीबसाठी नाई, साहेब, इंजनासाठी — जाऊ द्या. वकील मानसापुढं तोंड उघडलं का सारं निंगते.

पाना द्या तो. नाई, लहाना. हा टाकीखालचा नट — वायसर तं नवं हाये. चामड्याचं. एरंडीच्या तेलात भिजवेल, न आतून कोर तासेल. असं कोनी कापत नाई हो या मुलखात. मी कापतो, न म्या ज्याले शिकवलं — म्हंजे टाकी खोलली होती त्यानं. पुरी खोलली. न हा पाहा तुमचा बोळा, अंड्याएवढा, आंधळ्यालेई हाताले लागन. त्याले लागला नसन? लागला. लागला, न काढला नाई. तसाच ठेवला आत, वरून चांगलं वायसर लावलं, न तुमाले पन्नास मैल माह्याकडे पाठवलं.

— काई नाई. बसा. जरा बसू द्या मले बी.

पोरगं बोलावून राह्यलं होतं हो मले. सोता येवाले तोंड नाई, म्हनून मोटार पाठवली. तोंड त्याले नाई का मले नाई? मलेच नाई. म्याच पुसले हात. तुमाले चौदा वेळा उतरवलं बिचाऱ्यायले आमी बाप-लेकानं, माफ करजा.

घ्या, झाली. आता मुंबईलोक नेली तरी नाई थांबाची. पन तुमी पह्यले अकोल्याले जा. हबीबले सांगजा, जब्बारले नाई जमलं. लय खटपट केली म्हना, पन म्हातारा म्हने, हे काम शिकेल मिस्त्रीचं होय, त्यानं सोता नांदुऱ्याले येऊन पाहा लागते. — खोटं कसं बोलू म्हन्ता? वकील हाये ना तुमी? जा आता. जा, उजेड अडवून नोका उभे राहू.