कंदासकट

— बेलला हात नको लावू, डॉक्टर. हात टेबलावर ठेव. दोन्ही. हां, असे. वायर तर मी कापलीच ए, पन सवयीने जातो ना हात, जातो, मला समजतं. कडी आतून लावलीय. तुझा कंपाउंडर दार बडवतोय त्याला बडवू दे — ए भाऊ, बडव, बडव, सागाचं दार शे, तुझा खांदा निखळेल पन दार निखळनार नै! — आन तू हा कोयता बघून घाम पुसू नको. केळीचा कोयता ए हा. घड कापायचा. सकाळी बागेत गाडी भरत होतो, फोन आला, तसाच निघालो, अंगावरचा चीक बी धुतला नै. बघ, हे काळे डाग. केळीचा चीक कापडाला लागला का कापड फाटेपर्यंत जात नै. घडाचा दांडा माझ्या मनगटाएवढा जाड असतो, डॉक्टर, तो मी एका घावात उतरवतो. तुझी मान त्याच्यापेक्षा काय फार जाड नै. म्हनून गप ऐक.

ओळखलं का मला? नै ओळखलं. कसं ओळखशील, तू मानसाच्या तोंडाकडे बघतो कुठे. मी लोटन. गेल्याच्या गेल्या आखाजीच्या, अक्षय तृतीयेच्या तोंडावर तू जिची पिशवी काढली, त्या पुनमचा नवरा. आन आत तुझ्या खाटेवर हिरवा झगा घालून, हाताला सुई टोचून, उपाशीपोटी निजवलीय ना — ती नूतन. माझी धाकटी बहीन. सव्वीस वर्षांची पोर. आज तिची पन काढनार तू. नै काढनार. एवढंच सांगायला आलोय. एवढं सांगायला कोयता कशाला, असं म्हनतो ना मनात? म्हन, म्हन. कोयत्याशिवाय तू ऐकतो कुठे? दारात उभा राहून हात जोडून सांगितलं तर काय म्हनला तू मला? "तिच्या नवऱ्याने सही दिली, तू कोन?" मी कोन! आता समजलं मी कोन?

तो कुंदन, नूतनचा नवरा, आमचा दाजी, खाली टपरीवर चहा पितोय. पिऊ दे. त्याचं मी नंतर बघतो.

हे काय शे? हे गुलाबी, प्लास्टिकचं. हेच ना ते? हेच समोर ठेवून समजावलं होतं तू मला. ही मधली पिशवी. ह्या दोन बाजूंना दोन नळ्या. आन नळ्यांच्या टोकाला ह्या दोन गाठी, बदामाएवढ्या. लाव बोट. लाव म्हनतो ना! हां. काय म्हनतात यांना? मोठ्याने बोल. अंडाशय. काय काम यांचं? — अंडं देतात, पोरं होतात. बरं. आन अजून? अजून काय करतात? मी चौथी नापास, मला माहीत झालं, आन तुझ्या मागे भिंतीवर एवढ्या काचेच्या पाट्या टांगल्या, तुला माहीत नै? का माहीत होतं? माहीत होतं तर मग तुझी मान — बस! बस खाली! उठायचं नै.

काय दुखनं होतं पुनमला? अंगावरून पांढरं जायचं. पाळी आली का हटायची नै. कापूस वेचायला वाकली का कंबर धरून उभी राहायची. बस एवढं. गावातल्या आशा वर्कर पुष्पाबाईने सरकारी गोळ्या दिल्या होत्या, म्हनली, दोघा नवरा-बायकोने खायच्या, एकाने खाऊन उपयोग नै. मी म्हटलं, मला काय झालंय? बाईच्या दुखन्याच्या गोळ्या मी खाऊ? दिल्या उकिरड्यावर फेकून. — तू नको मान हलवू! तू कोन मान हलवनारा? गोळ्या फेकल्या म्हनून मान कापायची नसते बाईची! तुझ्याकडे आनली तर तू पडद्यावर काळं-पांढरं दाखवलं आन म्हनला, सूज ए, ठेवली तर कॅन्सर होईल. कॅन्सर म्हनला तू. आमच्या गल्लीत बेबाबाई त्या रोगाने गेली, शेवटी शेवटी तिच्या ओट्यावरून कुत्रं जात नव्हतं वासाने. ते माझ्या डोळ्यासमोर. दोन पोरं झालेली, आता पिशवी करायची काय — हे पन तूच म्हनला. वापरून झालेली वस्तू असल्यासारखा. तुझ्या घरी बायको असेल ना? साहेबीन? तिला पन पोरं झाली असतील. तिची ए का रे पिशवी जागेवर? ए ना? मग?

काढली. घरी आनली. टाके सुकले. आन मग, डॉक्टर, माझ्या घरात दुसरीच बाई राहायला आली. थंडीचे दिवस, आम्ही गोधडीत, आन ही बसल्या जागी लालबुंद, घामाने लुगडं पिळावं असं ओलं. "मना आंगमा इस्तो पेटना," म्हने, अंगात आग लागलीय. झोप नै. भाकर थापता थापता रडायची, का रडते तर माहीत नै. एकदा पोराने पानी सांडलं तर उलथनं फेकून मारलं त्याला, कपाळाला खोक पडली — जिने कधी कुत्र्याला हाड केलं नै ती. माझी माय, धुरपदाबाई, म्हने, "हिले काहीतरी लागनं शे." उतारे झाले. भगत झाला. भगताने मिरच्यांची धुरी दिली, कोंडून — अंगात आधीच आग, त्यात मिरची! — आन मी दाराला पाठ लावून बसलो होतो. ती आतून ओरडत होती, आन मी म्हनत होतो, निघतंय, निघतंय, भूत निघतंय. जवळ गेलो तर अंगाला हात लावू द्यायची नै. दुखतं म्हने, आग होते. मी काय समजायचं? सांग, तू पुरुष ए ना? बायको अंगाला हात लावू देत नै, भर दुपारी घरातून गायब होते, आन परत येते तर पाठीला चिखल लागलेला. काय समजशील तू?

गेलो मागे. हाच कोयता. केळीची बाग आत कशी असते, कधी बघितली? बाहेर वैशाखाचं ऊन भाजून काढतं, आन आत पानांची सावली अशी गच्च का मानूस मेला तर वास येईपर्यंत समजनार नै. म्हटलं, आज दोघांना तिथेच उतरवतो. दोन्ही घड. पानं बाजूला केली — तर एकटीच. ठिबकच्या नळीखाली, ओल्या मातीत, चोळी वर सरकवून, उघडी पाठ चिखलाला लावून निजलेली. झोपलेली, डॉक्टर. लहान लेकरासारखी, तोंड उघडं. म्हटलं, कोन होता? कुठे पळाला? "कोनी नै वो, माले आठे गार लागस म्हनीसन येस मी." इथे गार वाटतं म्हनून येते! कोन ऐकतो? तुला सांगतो, त्या टायमाला डोक्यात रगत —

पडली ती. पडली तिथे, चिखलात पाय घसरून. हात मोडला. मनगटात.

काय बघतो? पडली म्हनलं ना!

धुळ्याला नेली सिव्हिलला. तिथे एक बाई डॉक्टर होती, फोटो उजेडाला धरला आन मला विचारते, वय काय हिचं? म्हटलं, एकतीस. परत बघितला. म्हने, दादा, हे हाड सत्तरीच्या म्हातारीचं ए. पिशवी काढली का? म्हटलं, हो. गाठी पन? म्हटलं, बठ्ठं, सगळंच काढलं. तेव्हा ती खुर्ची ओढून बसली. तुझ्यासारखी घड्याळ बघत नव्हती. म्हने, त्या गाठी नुसतं अंडं देत नै. त्या रस सोडतात रगतात, हार्मोन म्हनतात त्याला. पाळी आनतो तो, थांबवतो तो. हाडात ताकद धरून ठेवतो तो. झोप त्याच्यावर, मन त्याच्यावर, अंगातला ओलावा त्याच्यावर. पन्नाशीच्या आगेमागे तो हळूहळू आटतो, विहीर आटते तसा, आन तरी बाईला जड जातं. तुम्ही तर, म्हने, भरल्या विहिरीवरून एका सकाळी मोटारच काढून नेली. मी विचारलं, म्हटलं, पिशवीत रोग होता, मग गाठी ठेवून चालल्या असत्या? म्हने, चांगल्या गाठी या वयात ठेवतात. आन मुळात, म्हने, ते दुखनं गोळ्यांनी गेलं असतं. दोघांनी खाल्ल्या असत्या तर.

भूत नव्हतं. यार नव्हता. हा बदाम नव्हता! हा! हा एवढासा —

हात काय ओढतो मागे? प्लास्टिक ए. प्लास्टिक कापलं मी, तुझा हात नै कापला. अजून. टेबलाला खाच पडली, पडू दे. बोल आता. का काढल्या? रोग पिशवीला, गाठींनी काय घोडं मारलं होतं तुझं? नूतनच्या पन काढनार ना? तिला पन केळीत निजवायची? बोल! मघापासून मीच बोलतोय. तोंड उघड, नै तर दात मोजून हातात —

काय म्हनला?

परत म्हन.

... विचारलं होतं.

हां. विचारलं होतं तू. इथेच. तिथे तू, इथे मी. "गाठी ठेवायच्या का काढायच्या?" असं विचारलं होतं, ज्यूस घेनार का चहा, तसं. आन मी — मला काय माहीत? मला केळी माहीत! बागेत हरन्या रोग आला, पानं पट्ट्यापट्ट्याची पिवळी पडली, का नुसतं झाड कापून भागत नै, डॉक्टर. कंद जमिनीत राहिला का त्याच्यातून परत पिल फुटतं, पिल पन रोगीट, आन ते शेजारच्या झाडाला लावतं, आन बाग जाते. आज्याने शिकवलं, बापाने शिकवलं. रोगाचं झाड ठेवायचं नै, कंदासकट उपटायचं आन बांधाबाहेर नेऊन जाळायचं. म्हनून म्हटलं मी तुला, "बठ्ठं काढा साहेब, कंदासकट काढा, परत त्रास नको." आन तू हसला. म्हनला, शहाना ए. शहाना म्हनला तू मला!

मग? मी सांगितलं म्हनून तू काढशील? मी केळी कापनारा मानूस! मी म्हटलं असतं डोकं दुखतंय हिचं, मुंडकं काढा, तर काढलं असतं? ती तिथे होती ना — ह्या पडद्यामागे, स्टुलावर, लुगड्याचा पदर तोंडात धरून बसलेली. पाच पावलं उठून तिला विचारायला तुझे पाय मोडले होते? तिचं पोट, आन विचारतो मला! आज पन कुंदनला विचारलं ना? नूतनला विचारलं? नै. कोनी नै. मी पन —

मी पन गाडीवरून उतरलो तो थेट तुझ्याच दारात.

पानी दे ते. तुझं उष्टं चालेल.

नै पडली ती. मनगट धरलं मी. नुसतं धरलं, डॉक्टर, तुझ्या गळ्याची शप्पत — धरलं आन ओढलं, उठ म्हटलं, आन कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. एवढ्याशा ओढीने मोडतं का मानसाचं हाड? त्याआधी किती ओढलं, नै मोडलं कधी. आता सांग, कोनी मोडलं? मी, का तू? सांग ना. नको सांगू. गप.

हे तुकडे गोळा करू नको. तो एक बदाम मी नेतो. दाखवतो तिला. तिने बघितलाच नै कधी, काय होतं ते अंगात.

दार का थांबलं वाजायचं?

— कोन? नूतन? तू कशी उठनी? सलाईन कोनी काढं? थांब, कडी काढतो. डॉक्टर, हललास तर बघ.

अगं... लुगडं नेसलीस? चपला पन? कपड्यांची पिशवी भरलेली — कधी केलं हे? ... पुनमनी सांगितलं. फोनवर. आजच? ... काल. काल रात्रीच बोलनी ती तुझ्याशी. मग मला सकाळी फोन केला पुनमने तो तुला नुसतं घरी न्यायला — हां. हां. तू नर्सला, ऑपरेशन नको म्हनून, सही देऊन मोकळी झाली, आन मी इथे ओरडतोय कवाचा. बरं झालं. बरं. कुंदनला सांगितलं? खाली जाऊन तूच सांगशील. सांग.

डॉक्टर, बस तू. तुझं काम संपलं. पुढची बाई आली ना आत, का तिच्या नवऱ्याकडे बघायचं नै, तिच्याकडे बघायचं. तो कोयता राहू दे टेबलावर. नै, राहू दे. नूतनसमोर नको तो माझ्या हातात.

चाल, नूतन. जिना उभा शे, चक्कर येईल, उपाशी तू, दे हात —

का गं?

... बरं. बरं, नै धरत. काढ मागे. नै धरत मी. तू चाल पुढे.