साधा फाऊल

—साधा फाऊल? अरे भूषण, पाणी नंतर पी, आधी सांग, तो साधा फाऊल होता? मी टेबलाशी निरीक्षक म्हणून बसलोय, पेपर वाचायला नाही. मुस्कान एकटी पळाली, पुढं कोणी नाही, फक्त रिंग — आणि फैजपूरच्या हर्षितानं मागून येऊन तिला हवेतच ढकललं. बॉलकडं हात तरी होता का तिचा? नव्हता. मग? मनगट धरून हात वर करायचा, गंभीर फाऊलची खूण, दोन फ्री थ्रो, वर बॉल पुन्हा मुस्कानच्या टीमला. बास्केटबॉलच्या नियमपुस्तकात लिहिलंय, माझ्या घरचा कायदा नाही तो. काय? मुद्दाम केलं नाही म्हणाली? वा रे वा! चोर म्हणतो मी चोरी केली नाही, अन् हवालदार म्हणतो बरं, जा घरी. तिच्या मनात काय होतं ते देव बघेल, तू पाय बघ, हात बघ, बॉल बघ.

पण तुला दिसलं होतं. खोटं बोलू नको — मनगट धरायला दुसरा हात अर्धा वर गेला होता तुझा, मी बघितला, अन् मग खाली आला. का, सांगू? तू धुळ्याचा, मुस्कान धुळ्याची, तुझ्याच जुन्या क्लबची. लोक म्हणतील, भूषणनं आपलीवाली सांभाळली. हेच ना? मान काय खाली घालतो! फार हौस तुम्हाला, निःपक्षपाती म्हणवून घ्यायची. भित्रेपणा म्हणतात याला. आपलं नाव स्वच्छ राहिलं पाहिजे, मग पोरीचं हाड मोडेना का! किळस येते मला असल्या पंचांची —

मला काय माहीत? मला नाही तर कोणाला? दोंडाईच्याला, अकरा वर्षं झाली — आपल्याकडं पंच मिळतात का कधी? दुसरा आजारी पडला, म्हणून पोरीच्या मॅचला बापच शिट्टी घेऊन उभा. पहिल्या हाफमध्ये असंच मागून ढकललं तिला. मी साधा फाऊल दिला. बठ्ठे लोक म्हणे, वा लोटन सर, सख्खी पोर असून! टाळ्या वाजवल्या. गोड वाटलं मला, खोटं कशाला बोलू. त्या ढकलणारीला कळलं, इथं चालतंय. दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा तेच. गुडघा गेला. घरी पोरीच्या आईनं विचारलं, "तुम्ही बाप शेतस का पंच?" त्या दिवशी मी दोन्ही नव्हतो.

पोर आता कुठं असते म्हणजे? तो बघ, धुळ्याचा बाक. मुस्कानच्या कोपराला बर्फ लावतेय ना, ती कोच — मृणाली. बर्फ आणायला गेली तेव्हा लंगडताना दिसली नाही तुला? सकाळी टीमशीट द्यायला टेबलाशी आली होती. मला "सर" म्हणाली.

हं, वाजला भोंगा. ऊठ. माझ्या तोंडाकडं काय बघतो? जा, मैदानात बघ.