पोटावरचं आसन

मी योगशिबिरं घेणं का सोडलं, ते सांगते.

दुष्काळात ऊसतोड नव्हती, तोडीला जाणाऱ्या बाया गावातच होत्या. म्हणून नेकनूरकडच्या एका गावात सहकारी सोसायटीच्या चेअरमननी त्यांच्यासाठी शिबिर ठेवलं. धनुरासनाआधी मी नेहमीसारखं सांगितलं, "ह्यात सगळा भार पोटावर येतो. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी बाजूला बसा."

सगळीच्या सगळी रांग उठली.

"अगं, कशाचं ऑपरेशन?"

तिशीही न गाठलेली एक म्हणाली, "गर्भाची पिशवी काढलीया, बाई. पाळीत खाडा पडला की मुकादम तोडीला नेत न्हाई."

तेवढ्यात चेअरमन कानाशी आले, "मॅडम, ऑपरेशनचं कशाला विचारता? फोटोत चटया रिकाम्या दिसायल्यात."