पुतण्यासाठी एक डबा

— नाही काका, तो मोठा डबा खाली ठेवा, तो मी तुम्हाला देणार नाही. आवं, दुकान माझं आहे, काय विकायचं ते मीच ठरवणार ना! डब्यावरच्या चित्रातला पैलवानी दंड बघून डबा उचलायचा, ही सगळ्या मलकापूरची खोड. बसा आधी. इकडं पंख्याखाली या — बरं, तिथंच? मागच्या दाराजवळ? बसा. चहा सांगू? नको? राहिलं. तर पुतण्यासाठी पाहिजे म्हणालात. वय सत्तावीस, वजन उतरतंय, दिवसातून सात-आठदा जावं लागतं, दोन महिने झाले, रक्तही पडतं — आणि तुम्ही म्हणता, प्रथिनांची पावडर द्या! काका, हे काम पावडरीचं नाही, पोटाच्या डॉक्टरचं आहे. दाखवलंय? "दाखवू" म्हणजे नाही.

आणि एक सांगा. पुतण्याच्या पोटाबद्दल बोलता बोलता तुम्ही माझं शिक्षण विचारलंत, दुकानात मदतीला कोण असतं ते विचारलंत, दिवसभर फोन किती येतात तेही विचारलंत. पावडर घ्यायला आलेला माणूस फक्त चव विचारतो हो, चॉकलेट का आंबा! शिवाय या मिश्या मी गेल्या रविवारी आमच्या घरी बघितल्यात. तुमच्या नव्हे, तुमच्या थोरल्या भावाच्या. कवठे महांकाळहून आलात ना? विश्वजीतचे चुलते? हसा, हसा, पण पकडला गेलात हे मान्य करून हसा. स्थळाची चौकशी करायला गिऱ्हाईक होऊन यायचं — तुम्ही फौजेत होतात म्हणे, तिथं हेच शिकवलं का?

आता तुमचा प्रश्न मीच विचारते. पोरगी बघण्याच्या कार्यक्रमात तीनदा उठून आत का गेली? आत फोनवर कुणाशी बोलत होती? कुणाशी नाही. संडासात होते. घ्या, झाली चौकशी! नाथाजी पैलवानांची पोरगी स्वप्नाली, आहारशास्त्र शिकलेली, संडासात होती. आणि बाहेर वडील तुमच्या भावाला सांगत होते, "पोरगी लय लाजती वो आमची." मी! लाजती!

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात त्याला. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, शांत होतात, पुन्हा उठतात. चार वर्षं झाली. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मूल होत नाही असंही नाही, आजार ताब्यात असला की होतं — हे आधीच्या स्थळानं विचारलं होतं, तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकते. गोळ्या घेतल्या की मी ठणठणीत असते. आता का उठलं मग? मध्यस्थ घरी यायला लागला तसं वडिलांनी गोळ्यांची पाकिटं गव्हाच्या कणगीत लपवली, आणि नंतर त्यांनाच सापडेनात! पण खरं सांगू? नवी आणता आली असती. मीच म्हटलं, बरं तर वाटतंय, राहू देत चार दिवस. लोकांना दिवसभर ज्ञान देणारी मी, आणि मीच गोळ्या चुकवल्या. डॉक्टरांनी असं झापलंय — हे तिकडं नाही सांगितलंत तरी चालेल.

पहिल्या वर्षी तर वजन अडतीस किलोवर आलं होतं. पैलवान माणूस, त्यांच्या लेखी अशक्तपणावर एकच औषध — तालमीचा खुराक! पहाटे म्हशीचं धारोष्ण दूध तांब्याभर, त्यावर बदामाची थंडाई. मी रोज प्यायचे आणि रोज पळायचे. वडील म्हणायचे, "पोटातली घाण निघतीया, निघू दे." घाण कसली, मीच निघाले होते! दुसऱ्या कुणाला असा चुकीचा खुराक मिळू नये म्हणून हे दुकान टाकलं. हा गाळा आतल्या बाजूला का घेतला माहितीये? मागं संडास आहे म्हणून. किल्ली माझ्याजवळ, लाल गोंड्याची, ती बघा खिळ्याला — डबे खपवायला येणाऱ्या विक्रेत्यांना देत नाही, आजारी माणसाला विचारावंही लागू देत नाही.

प्रथिनं लागतात हो अशा माणसाला, इतरांपेक्षा जास्तच लागतात. पण या मोठ्या डब्यात दुधातली साखर आहे, वर गोडीसाठी काय काय घातलंय, ते उठलेल्या आतड्याला सोसेलच असं नाही. त्यापेक्षा उकडलेलं अंडं, मऊ भात, मुगाचं पातळ वरण. मटकी, शेंगदाणे, हिरवी मिरची सध्या लांब. डबा लागलाच तर डॉक्टरांना विचारून, लहान, बिनदुधाचा. आणि आमच्या आईनं रविवारी पोह्यात काय घालावं? मूठभर शेंगदाणे आणि मिरच्या! बशी हातात घेऊन बसले, म्हटलं आता काय करू. आत जाऊन आले तर बशी रिकामी! तुमच्या पुतण्यानं माझे पोहे खाल्ले होते, आणि तोंड पुसून छताकडं बघत बसला होता. पोरीनं का खाल्लं नाही असं कुणी विचारू नये म्हणून. तेव्हापासून मी — म्हणजे तसं काही नाही, दोन बश्या रिचवल्या, त्याची पचनशक्ती आवडली म्हणा. हे सोडून बाकी सगळं घरी सांगा. आजाराचं कुणाला सांगायचं नाही अशी वडिलांनी शपथ घातलीय मला, घालू देत. गोळ्या कणगीत लपवून नांदायचं असतं का? मोडलं तर मोडलं. मोडू नये, पण मोडलं तर मोडलं.

एक मिनिट. विश्वजीत दोन बश्या मिरच्या खाऊन ढिम्म बसला होता. मग दिवसातून आठदा जातंय कोण? थाप मारणारा माणूस ताप सांगतो, खोकला सांगतो — रक्त सांगत नाही काका. तुमच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं आहेत. चहा नको म्हणालात. आणि सगळं दुकान सोडून ती खुर्ची धरलीत. ती माझी खुर्ची आहे!

काकूंना माहीत आहे? नाही? कुणालाच नाही. म्हणजे चौकशीला मीच जातो म्हणून पुढं झालात ते यासाठी? वा! पोरीचं लपवलेलं काढायला आलात, आणि स्वतःचं कंबरेच्या पट्ट्यात आवळून! रागावत नाही, हसतेय मी. हा डॉक्टरांचा पत्ता, कराडला. उद्याच. मी येते बरोबर. सून व्हायच्या आधीच चुलत सासऱ्याला दवाखान्यात नेती म्हणतील, म्हणू देत. आणि घरी दोन्ही गोष्टी एका बैठकीत सांगायच्या. तुमची आधी, माझी नंतर. मग बघू, माझ्या आजाराला नाक कोण मुर— काका? घाम आलाय तुम्हाला. बोलू नका, कळलं मला. लाल गोंडा, डावीकडचं दार. आवं, काय बघताय, पळा!