आईच्या घरचं पाणी

हॅलो?… कोण?… हाव, लातूरच. धुरपताबाईच बोलायले… सरजा! अगं, निलंग्याहून ट्रंककॉल लावलास व्हय? सगळे बरे हाईत ना?… मग जोरात बोल की. धाकली बहीण माझी, आन आवाज असा का पडलाय?

… हाव, इकला. बंगला इकला. कालच खरेदीखत झालं… कुणाला म्हंजे? वीरण्णा म्हणून हाय कुणी. अजीज दलालानं आणलेलं गिऱ्हाईक.

… हो, हो… अगं ऐक ना, आधी माझं ऐक! हसून हसून पोट दुखायलंय माझं. लातूर जिल्हा झाल्यापासून ज्याला त्याला बंगला पाहिजे. म्या बी फायदे सांगितले धडाधड. कलेक्टर कचेरी जवळ, पूर्वेचं दार, अंगणात आंबा… आन मुख्य म्हंजे बोअर! पाण्याला मरण न्हाई म्हणलं.

… तोटे? तोटे आपण सांगायचे असतात व्हय, येडे!

… हाव, आटलाय बोअर. दिवाळीपासून थेंब न्हाई. म्हणून तर इकला. नांदेडला लेकाकडं चालले, न्हाईतर मालकानं बांधलेलं घर सोडलं असतं का मी?

… कसा फसला? तेच तर सांगायले! गिऱ्हाईक यायच्या आधी पाशामियाँचा टँकर बोलावला आन अख्खा बोअरमधी ओतला! मग केली मोटर चालू. धो धो, धो धो! ओंजळ भरून प्याला की गं वीरण्णा. म्हणतो, मावशी, पाणी लई गोड हाय!

… कसलं आलंय पाप? त्याला काय डोळे नव्हते? म्हणला, उद्या पुन्हा येतो, अजून एकदा मोटर चालवून बघतो. पण आलाच न्हाई येडं!… हाव, म्हणला ना, घरात पोटुशी बाई हाय, तिला लांबून पाणी आणवणार न्हाई. म्हणलं, अरे लेकरा, नळ सोडायचा न् घागर भरायची… मरू दे गं. वाहू दे तिला डोक्यावर हंडे. कंबर मोडंल तेव्हा कळंल बंगला काय असतो. माझं काय जातंय?

… रडायला काय झालं तुला?

… कोण इंदू? आपली इंदू?… माझ्या लेकीचा काय संबंध हितं?

… काय?

… न्हाई. पैसा वीरण्णानं दिला. माझ्या हातात दिला… जावयाचा? पंढरीचा पैसा?… बदली झाली लातूरला? कधी? मग मला का न्हाई सांगितलं?… हाव, नसतेच घेतले मी. लेकीच्या घरचं पाणी न पिणारी मी, जावयाचा पैसा घेईन का?… म्हणून कागद दोस्ताच्या, वीरण्णाच्या नावावर… मी नांदेडला जाऊ नये म्हणून? मी हितंच राहावं म्हणून?

… आन त्यांचं देवणीचं घर?… इकलं? हिरीसकट इकलं? अगं, त्या हिरीला दुष्काळात बी पाणी होतं की गं!

… तू का न्हाई बोललीस आधी?… इंदूनं शपथ घातली? चुलीत घाल ती शपथ!

… थांब. थांब सरजे. वीरण्णा दुसऱ्या दिवशी का न्हाई आला?… कुणी अडवलं?… इंदूनं?… काय म्हणली?

… पुन्हा सांग.

… "माझ्या आईच्या घरचं पाणी हाय, तपासायचं न्हाई."

… असं म्हणली.

… अहो ऑपरेटर साहेब, तीन मिनिटं झाली असतील तर अजून तीन द्या, पण मधी बोलू नका!… सरजे, हायस का? काय करू गं मी? सातवा लागलाय तिला. म्याच म्हणले, कंबर मोडंल… माझ्या तोंडात किडे पडू दे… कसं सांगू? सांग ना, आईनं फसवलं हे लेकीला कसं सांगू?

… थांब. फाटकापाशी ट्रक थांबलाय.

… तीच हाय. पंढरी हात धरून उतरवायलाय… हसायली गं. मला बघून हसायली.

… हाव इंदे, आले, आले!… काय?… तांब्या? तांब्या कशाला?… मला पाणी पाजायला?… नको बाई, मला तहान न्हाई… तू बस आधी… अगं, तिकडं कुठं चाललीस?… न्हाई, मोटर नको! बटनाला हात लावू नको, इंदे!

… सरजे?… हॅलो?… हॅलो?