बॉनेटखालचा शेंदूर

आमी मूळचे टेंभुर्णीजवळच्या वस्तीवरचे. वडील ट्रकवर क्लीनर हुते, म्हंजी डिझेलचा वास लहानपनापास्नंच नाकात, शाळंत काय माझं ध्यान लागलं न्हाई, मास्तर म्हनायचे दिगंबर, तू स्टेअरिंगच धरनार, आन तसंच झालं की. सोलापुरात आलो, नवी पेठेतल्या एका कापडवाल्या शेठची गाडी हुती, आठ मानसं बसायची, चांदी रंगाची, ती माझ्या हातात आली. शेठच्या घरचं लगीन असू दे, देव असू दे, दवाखाना असू दे, मीच. माझी पोरगी सुवर्णा झाली तवा मी हैदराबादच्या रस्त्याला हुतो बगा, फोनवर कळलं मला.

गाडीला लई जीव लावला मी. खंडेनवमीला सगळेच ड्रायवर गाडी धुत्यात, हार घालत्यात, कुंकू लावत्यात. पन कुंकू काय टिकतंय? आमची आई म्हनायची तेलात शेंदूर कालवून लाव, मारुतीला लावत्यात तसा, कुटं जात न्हाई त्यो. मग मी बॉनेट उघडायचो आन आतल्या अंगाला बिजागरीपाशी शेंदराचं एक बोट वडायचो, दर खंडेनवमीला एक. शेठ हसायचे, अरं दिगंबर, लगीन लावलंस काय गाडीशी.

पुढं गुडघं गेलं, नोकरी सुटली. शेठनीबी नंतर गाडी इकली म्हनं. आता मुद्द्याचं सांगतो, न्हाईतर आमची मंडळी म्हनंल ह्यांनी रस्ता सोडून गाडी रानात घातली.

आमचे जावई कुर्डुवाडीचे, दीपकराव. त्यांचं काम सुटलं, आन एका शाळंनं इचारलं, वस्त्यावरली पोरं न्यायची-आनायची हायत, करता का. नवी गाडी आपल्या आवाक्यात कुटली? त्यांनी फोनवर एक बगितली, ऐंशी हजार किलोमीटर पळालेली, एकाच मालकाच्या हातची, पांढरीशुभ्र. मी म्हनलं पाव्हणं, फोटूत सगळंच गोरं दिसतंय, मी येतो.

गावाभायेर गाड्यांचा बाजार हाय, तितं गेलो. दलाल लई गोड बोलला, या काका, बसा काका, चहा घ्या काका. गाडीला नंबराची पाटी न्हवती, रंगासाठी काढली म्हनला. मी चहा घेतला न्हाई, पयला बॉनेटवर हात ठिवला. गरम. आमी यायच्या आदीच त्यानं इंजिन चालू करून ठिवलेलं. थकलेलं इंजिन सकाळी गार असताना कुरकुर करतं, गरम केलं की गुमान चालू हुतं, म्हनून करत्यात तसं. मी दीपकरावांस्नी डोळ्यानं खुनावलं. मग आत बसलो, तर स्टेअरिंगवर कव्हर नवं, पायाखालचं रबर नवं, आन शीट मातर उजव्या अंगाला पार बसलेली. ऐंशी हजारात शीट बसती व्हय?

मग बॉनेट उघडलं.

काय सांगू तुमाला, अजून अंगावर काटा येतो. बिजागरीपाशी माझी बोटं! एकाखाली एक, शेंदराची. भायेरनं पांढरा रंग मारलाता, आत कोन बगतंय म्हनून आतलं तसंच सोडलेलं. मी एकेक बोट चाचपून बगितलं. माझी गाडी! मी सोडली तवाच चार लाखाच्या म्होरं गेलती ती, आन हितं मीटरवर ऐंशी हजार. मी रातरात जागून गाडी हाकली, पोरीचं तोंड आठ दिसांनी बगितलं, ती सगळी वर्सं ह्या मानसानं पुसून टाकली की हो! मी वरडलो त्याच्यावर, लई वरडलो. त्यो शांत. म्हनला काका, खरा आकडा ठिवला असता तर तुमी आला असता का हितवर? मी दीपकरावांकडं बगितलं, दीपकराव खाली बगाया लागले.

आन खरा धक्का तर म्होरं हाय. दीपकराव म्हनले मामा, मग तर झ्याकच की, तुमच्या हातची गाडी, तुमाला तिची नस न नस ठावं, घिऊन टाकू. दलालबी लगी म्हनला, बगा, घरचीच निघाली. माझंबी मन झालं वो, खोटं कशाला बोलू. पन अक्कलकोटच्या वाटंवर एकदा म्हस आडवी आली तवा ही गाडी पुलाच्या कठड्यावर गेलती. चेशी, म्हंजी गाडीखालचा लोखंडी सांगाडा, वाकली. शेठनी ती तापवून सरळ केली, वर लोखंडी पट्टी मारली, भागलं म्हनले. तवापास्नं ब्रेक दाबला की गाडी डावीकडं वडायची. माझ्या हाताला सवय झाल्ती, आपसूक उजवीकडं दाब जायचा, बसनाऱ्याला कळायचंबी न्हाई. नव्या मानसाला कोन सांगनार? आन पोरं बसनार हुती तिच्यात. मी म्हनलं पाव्हणं, नगं. ती माझी हाय म्हनूनच नगं.

दीपकराव चार दिस बोलले न्हाईत माझ्याशी. मग दुसरी बगितली, दोन लाख पळालेली, पन मालकानं काय लपवलं न्हवतं. टायर, ब्रेक, इंजिनाचा पट्टा आल्या आल्या बदलला, खरचात पडलो, पन रोज धावती.

म्हनलं सुटलो. कुटलं सुटलो! भावाकडं टेंभुर्णीला गेलतो, तर शाळंम्होरं तीच पांढरी गाडी, पाटीवर माझा जुना नंबर, आन आत पोरं, खिडकीतनं हात भायेर काढून दंगा घालत्यात. मी तडक गाडीपाशी गेलो. ड्रायवर इस्माईल, चाळिशीतला गडी, गाडीबी त्याचीच. मी बॉनेट उघडून त्याला शेंदूर दाखवला, गाडीखाली पट्टी दाखवली. त्यानं वाकून पट्टीला हात लावला. म्हनला चाचा, मला वाटायचं माझाच हात वाकडा हाय, आता मी काय करू? मी म्हनलं पयली पोरं खाली उतरव. दुसऱ्या गाडीनं धाडली घरी.

मग ओळखीच्या चेशीवाल्याकडं नेली, जुनी पट्टी काढली, सगळं नव्यानं बांधलं, गाडीच्या किमतीच्या निम्मं त्यातच गेलं बिचाऱ्याचं. स्वस्त म्हनून घेतलेली. आता डावीकडं वडत न्हाई, पन मला भरवसा वाटत न्हाई, म्हनून दर ऐतवारी इस्माईलच्या घरी जातो, गुडघं दुखत्यात तरी आडवा हुतो खाली. दीपकराव म्हनत्यात मामा, आमाला नगं म्हनलासा आन दुसऱ्याच्या गाडीखाली झोपतासा. म्हनू द्यात. इस्माईलची आई लई थकलीया, मी आलो की काठी टेकत भायेर येती, माझ्या डोक्यावर हात ठिवती, अल्ला खैर करे म्हनती. मी म्हनतो अम्मा, माझ्या डोक्यावर नगं, गाडीवर ठिवा हात. पोरं बसत्यात तिच्यात.